माईक व वाद्यें मिक्सरला कशीं जोडावीं

खेडोपाडींच्या मंडळ्यांत आतां भजनाच्या वेळीं दोन-तीन माईक, एखादा कीबोर्ड, क्वचित् गिटार, आणि नेहमींची पेटी व तबला इतका सरंजाम असतो. हीं सर्व ज्या यंत्रांत एकत्र येतात तो मिक्सर. (चटणी वाटणारा तो निराळा; नांव मात्र एकच पडलें आहे.) यंत्र चांगलें असूनहि शीळ वाजते, घरघर होते, आणि मागच्या रांगेंतील म्हातारीला उपदेशाचा एक शब्द कळत नाहीं, अशी तक्रार आम्ही पुष्कळ ठिकाणीं ऐकतों. बहुधा दोष यंत्राचा नसून जोडणीचा असतो. म्हणून उपदेशक बंधूंनीं हा विषय नीट समजून घ्यावा.

मिक्सरमध्यें येणारे सर्व संकेत सारख्या बळाचे नसतात. साध्या माईकमध्यें एक पातळ पडदा असतो. त्यास तारेचें बारीक वेटोळें जोडलेलें असून तें लोहचुंबकाच्या सान्निध्यांत हालतें. आवाजानें पडदा थरथरला म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. परंतु ती किती? एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा सुमारें हजारावा अंश. कीबोर्डमधून मात्र अर्धा-एक व्होल्ट येतो. तेव्हां माईकच्या तोंडांत कीबोर्ड लाविला तर आवाज फाटतो, आणि कीबोर्डच्या तोंडांत माईक लाविला तर तो ऐकूं येत नाहीं म्हटलें तरी चालेल. मिक्सरवर ‘माईक’ व ‘लाईन’ अशीं दोन नांवें लिहिलेलीं असतात, तीं शोभेसाठीं नव्हेत.

माईकचें तोंड वाटोळें, तीन छिद्रांचें असतें; त्यास एक्सएलआर म्हणतात. पहिल्या पिनेस केबलवरील तारेच्या जाळीचें वेष्टण जोडलेलें असतें. दुसरीवर संकेत सुलटा जातो व तिसरीवर उलटा. वाटेंत विजेच्या तारांची घरघर शिरली, तर ती दोहोंत सारखीच शिरते. मिक्सर दोहोंमधील फरक तेवढा घेतो. त्यामुळें घरघर गळून पडते व आवाज मागें राहतो. अशी केबल तीस मीटर नेली तरी बाध येत नाहीं. गिटारच्या पाव इंची जॅकच्या केबलला ही सोय नाहीं. ती सहा मीटरांहून लांब नसावी. लांब न्यावयाचें असल्यास मध्यें डीआय बॉक्स नांवाची लहान पेटी बसवावी.

कांहीं माईकांस मिक्सरकडून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. त्यास फँटम, म्हणजे भूत, असें नांव आहे. भिण्याचें कारण नाहीं. वीज वेगळ्या तारेनें न येतां आवाजाच्याच तारांतून येते, म्हणून तें नांव. १९६६ सालीं जर्मनीच्या नॉयमन कंपनीनें नॉर्वेच्या नभोवाणीसाठीं असे माईक केले. तेथें आणीबाणीच्या दिव्यांसाठीं ४८ व्होल्ट तयार होते, तेच वापरले, आणि तो आंकडा सर्वत्र रूढ झाला. हें बटन दाबतांना आवाजाची पट्टी खालीं असावी.

पेटीला जॅक नसतो. तिच्या समोर वीतभर अंतरावर माईक ठेवावा, मात्र भात्याच्या बाजूस नको, कारण हवेचा फुसफुसाट पकडला जातो. तबल्याला दोहोंच्या मध्यें वरून एक माईक पुरतो.

आतां गेनची खुंटी. ही न समजल्यानेंच निम्मा गोंधळ होतो. पट्टी खालीं ठेवून गाणाऱ्यास भजनांत जितक्या जोरानें गावयाचें तितक्या जोरानें गाऊं द्यावें, आणि लाल दिवा लागेपर्यंत गेन वाढवून मग थोडा मागें घ्यावा. त्यानंतर पट्टी शून्याच्या खुणेपर्यंत आणावी. माईक तोंडाच्या जितका जवळ, तितका लाभ: अंतर निम्मे केलें तर सुमारें सहा डेसिबल वाढ होते, आणि शीळ मात्र वाढत नाहीं. स्पीकर नेहमीं माईकच्या पुढें असावेत. माईकची जाळी मुठींत धरण्याची जी हौस तरुणांस असते, ती मोडावी. तिनें शीळ हमखास येते.

अर्थिंगच्या गोष्टीस आम्ही अधिक जागा देत आहों, कारण येथें प्राणाचा प्रश्न आहे. भिंतींतील भोकांत बसत नाहीं म्हणून, किंवा घरघर थांबते म्हणून, प्लगची मोठी पिन मोडणारे लोक आहेत. गिटारच्या ॲम्पलिफायरची ती पिन नाहीं व आंत तार सुटली, तर गिटारच्या तारांत २३० व्होल्ट उतरतात. माईक मिक्सरच्या द्वारें जमिनीशीं जोडलेला असतो. गाणाऱ्याचा हात तारांस व ओठ माईकला लागतांच वीज त्याच्या अंगांतून जाते. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा गिटारवादक माईकला स्पर्श होतांच मंचावर मृत्यु पावला. २००५ सालीं अमेरिकेंत टेक्सासमधील वॅको येथें काइल लेक हे पाळक बाप्तिस्म्याच्या कुंडांत उभे असतां माईककडे हात नेते झाले व विजेच्या धक्क्यानें मरण पावले. म्हणून पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं तारेचा माईक कधींहि देऊं नये.

घरघर होत असेल तर पिन मोडूं नये; सर्व यंत्रें एकाच बोर्डावर जोडावीं, म्हणजे बहुतेक ती थांबते. ३० मिलिॲम्पिअरचें आरसीसीबी बसविणें थोडें खर्चाचें असलें तरी नव्या स्पीकराआधीं तें घ्यावें, असें आमचें मत आहे. सुरू करतांना मिक्सर प्रथम व ॲम्पलिफायर शेवटीं. बंद करतांना ह्याच्या उलट. उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. सभेच्या आदल्या दिवशीं त्यांत घागरभर पाणी ओतावें आणि वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें.