हातचा फोन गेल्यावर

मोबाईल चोरीस जाणे ही मुंबईच्या लोकल गाडीने नित्य ये-जा करणाऱ्यांस इतकी परिचयाची घटना झाली आहे की, तिची वार्ता ऐकणारा सहप्रवासी क्षणभर हळहळतो, यंत्राची किंमत विचारतो आणि 'आता नवीन घ्या' असे सांगून आपल्या मार्गाला लागतो. त्या सांत्वनात गेले ते एक यंत्र गेले, असे गृहीत धरलेले असते. परंतु ज्याच्या आधारावर बँक, आधारचे दप्तर, आयकर खाते आणि गॅसची एजन्सीसुद्धा आपली ओळख पटवून घेते, ते नखाएवढे सिम परक्याच्या हाती पडणे हेच यातील खरे संकट होय, आणि यंत्राचे मोल त्यापुढे दुय्यम आहे, हे मी स्वानुभवाने निश्चयपूर्वक सांगू शकतो.

पावसाळ्यातील एका सायंकाळी शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान गाडी सिग्नलपाशी मंदावली असता, उतरणाऱ्यांच्या रेट्याने मी दाराजवळ आलो होतो. घरून आलेला फोन घेऊन बोलत असतानाच रुळांलगतच्या काळोखातून एक काठी मनगटावर बसली, हात बधिर झाला, फोन खाली पडला, आणि गाडीने वेग घेईपर्यंत तो उचलणारी आकृती दिसेनाशीही झाली. लोकलच्या प्रवाशांत या टोळ्यांना 'फटका गँग' म्हणतात. असा फटका बसून तोल गेलेले प्रवासी रुळांवर पडून कायमचे अपंग झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून सर्वांआधी सांगावयाचे ते हेच की, फोनमागे झेप घेऊ नका, धावत्या गाडीतून उतरू नका, आणि साखळी ओढून दोन स्थानकांमधल्या अंधारात एकट्याने शोधाला जाऊ नका.

अशा चोरीत एक गोष्ट विशेष घातक असते. खिशातून काढलेला फोन बहुधा कुलूपबंद असतो. हातातून हिसकावलेला मात्र उघडा असतो, आणि चोर पडद्यावर बोट फिरवीत राहील तोवर तो उघडाच राहतो. शेजारचा एक तरुण तत्परतेने म्हणाला, "काका, माझ्या फोनवरून लावा, आधी सिम बंद करा." त्याचे हे वाक्य मी कधीही विसरणार नाही, कारण अशा वेळी बहुतेक जण आपल्याच क्रमांकावर फोन लावून चोराची मनधरणी करण्यात मौल्यवान वेळ घालवतात. आम्ही १९८ हा क्रमांक फिरविला, तो लागलाही, परंतु पलीकडून बोलणारी कंपनी त्या तरुणाची होती. हा तक्रार क्रमांक ज्या कंपनीच्या सिमवरून फिरवावा तिच्याकडेच जातो. दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागणारा आपल्या कंपनीचा मदत क्रमांक वेगळा असतो, आणि तो शोधण्यात, पुढे ओळख पटविणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देण्यात, ठाणे मागे पडले.

त्या अवधीत काय घडले याचा उलगडा नंतर झाला. एका खरेदीच्या ॲपमध्ये माझ्या कार्डाची नोंद जतन होती. तेथून खरेदी झाली, आणि तिचा ओटीपी अर्थातच चोराच्या हातातील फोनवर आला. मग सिम काढून दुसऱ्या यंत्रात घालण्यात आले व माझे व्हॉट्सॲप तेथे सुरू करण्यात आले. नाशिकच्या भाच्याला माझ्या नावे निरोप गेला की दवाखान्यात तातडीने पैसे हवे आहेत. तो शहाणा मुलगा, त्याने पैसे न पाठविता मामीच्या फोनवर विचारले, "मामी, मामा बरे आहेत ना? निरोपाची भाषा त्यांची वाटत नाही." त्याच्या या सावधपणामुळे एक मोठी रक्कम वाचली.

येथे ज्या उपायाकडे मी वाचकांचे लक्ष आग्रहाने वेधू इच्छितो, तो म्हणजे सिमचा पिन. फोनच्या पडद्याला कुलूप घालणारे असंख्य आहेत, परंतु सिमलाही स्वतंत्र कुलूप असते आणि ते घातले असता सिम दुसऱ्या कोणत्याही यंत्रात घातले तरी पिन दिल्यावाचून चालू होत नाही, ही गोष्ट सिम विकणारा सहसा सांगत नाही. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये आणि आयफोनमध्ये मोबाईल सेवेच्या सेटिंगमध्ये ही सोय सापडते. मात्र तिचा वापर अंदाजाने करू नये. कंपनीने ठरवून दिलेला मूळ पिन आधी मदत क्रमांकावर विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकीचा पिन दिल्यास सिम अडते आणि पीयूके नावाचा आठ अंकी संकेत लागतो, व तोही दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते. ज्यांच्याकडे ई-सिम आहे त्यांचे सिम काढून नेता येत नाही, एवढी त्यांची बाजू भक्कम. व्हॉट्सॲपलाही सहा आकड्यांचा दुहेरी पडताळणीचा पिन घालता येतो. तो असेल तर केवळ सिमच्या बळावर कोणी आपल्या नावाने वावरू शकत नाही.

सिम बंद झाल्यावर मी पोलिस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदाराने प्रथम हद्दीचा प्रश्न उपस्थित केला आणि नंतर 'गहाळ' झाल्याचा दाखला घेऊन जाण्याची सूचना केली. त्या बिचाऱ्यांवरील कामाचा भार मी जाणतो. तथापि नागरिकाने या ठिकाणी सौजन्याने पण ठामपणे उभे राहिले पाहिजे. गहाळ दाखल्याने नवे सिम मिळते, परंतु त्याने गुन्हा नोंदला जात नाही आणि तपासही होत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०४ व्या कलमाने वस्तू हिसकावून पळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घेणे ठाण्यावर बंधनकारक आहे. हे शांतपणे सांगितल्यावर माझी फिर्याद नोंदविण्यात आली. रेल्वे हद्दीत घडलेल्या गुन्ह्यासाठी लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा मदत क्रमांकही आहे.

फिर्यादीची प्रत हाती आल्यावरच पुढचे दार उघडते. दूरसंचार विभागाने चोरीचे फोन निकामी करण्यासाठी सीईआयआर ही यंत्रणा उभारली आहे. तिचा आरंभ २०१९ साली आपल्याच महाराष्ट्रातून झाला आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या नावाखाली ती सर्व देशाला खुली झाली. तेथे फिर्यादीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक देऊन अर्ज केला असता तो फोन देशातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर चोवीस तासांच्या आत बंद होतो, आणि पुढे कोणी त्यात सिम घातल्यास त्याची वर्दी पोलिसांपर्यंत जाते. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास त्यावर लघुसंदेश येत नाहीत. ही तजवीज फसवणूक टाळण्यासाठीच असल्याने ओटीपी आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो. फोन हातात असताना *#०६# फिरविले तरी पडद्यावर येतो. तो वहीत उतरवून ठेवलेला नसेल, तर चोरीनंतर खोक्यासाठी माळा धुंडाळावा लागतो.

पैशाच्या बाबतीत १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक तत्काळ फिरवावा आणि बँकेला स्वतंत्रपणे लेखी कळवावे. माझ्या बँकेच्या शाखेत "ओटीपी आपल्याच क्रमांकावर गेला, सबब जबाबदारी आपली" असे उत्तर मिळाले. परंतु रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवरच टाकला होता. बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसता तिसऱ्याच्या कृत्याने घडलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर तोशीस पडू नये, असेही त्यात नमूद होते. मी फिर्यादीची प्रत, सिम बंद केल्याची वेळ आणि १९३० चा पोच क्रमांक जोडून अर्ज दिला, आणि यथावकाश रक्कम खात्यात परत जमा झाली. प्रत्येक ठिकाणी पोच क्रमांक व वेळ लिहून घेण्याचे महत्त्व मला त्या अर्जाने पटविले. बँकेने तीस दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची मुभा आहे, आणि त्यासाठीचा माहितीचा क्रमांक १४४४८ असा आहे.

प्रकरण मिटले असे वाटत असतानाच दुसरा हल्ला आला, आणि तो अधिक कावेबाज होता. पहिल्याच रात्री मी घरातील दुसऱ्या यंत्रावरून फोन 'हरवला' अशी खूण करून, सापडल्यास कळवावे म्हणून पत्नीचा क्रमांक त्याच्या पडद्यावर झळकेल अशी व्यवस्था केली होती. फोन कोठेतरी जाळ्याशी जोडला गेला असावा, कारण काही दिवसांनी नेमका त्याच क्रमांकावर संदेश आला की, आपला फोन सापडला असून त्याचे ठिकाण पाहण्यासाठी खालील दुव्यावर खात्याचा पासवर्ड द्यावा. दुवा बनावट होता. चोरलेला फोन मूळ मालकाच्या खात्यातून मुक्त होईपर्यंत विकण्यास कठीण जातो, आणि ती मुक्तता मालकाच्याच हातून करवून घेण्याचा हा प्रयत्न असतो. आशेने व्याकुळ झालेला माणूस येथे फसतो. म्हणून असा संदेश आल्यास तो जपून ठेवून पोलिसांना दाखवावा, दुवा उघडू नये, आणि फोन परत मिळेपर्यंत आपल्या खात्यातून तो काढून टाकू नये.

नव्या फोनवर मी आता चोरीपासून संरक्षणाच्या सोयी सुरू ठेवल्या आहेत. अँड्रॉइडच्या दहाव्या आणि पुढील आवृत्त्यांत, जेथे ही सोय आलेली आहे तेथे, हिसका बसून पळविल्याची हालचाल ओळखून पडदा आपोआप बंद होतो. आयफोनमध्ये जानेवारी २०२४ पासून, नेहमीच्या ठिकाणापासून दूर असता पासवर्ड बदलण्यास चेहरा वा ठसा आणि तासाभराचा अवधी लागेल अशी व्यवस्था करता येते. कुलूपबंद पडद्यावर ओटीपीचा मजकूर दिसणार नाही अशी तजवीज आणि पैशाच्या प्रत्येक ॲपला निराळे कुलूप, ही कामे प्रत्येकाने आजच उरकावीत. कव्हरच्या मागे डेबिट कार्ड खोचून ठेवण्याची जी रीत सर्वत्र दिसते ती तर तत्काळ सोडावी, कारण कार्डाचे अखेरचे आकडे व मुदत आणि सोबतीला सिम मिळाल्यावर यूपीआयचा नवा पिन तयार करणे अवघड नाही. घरच्या दोघांचे क्रमांक, बँकेचा व कंपनीचा मदत क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. आपल्यापैकी किती जणांस पत्नीचा अथवा मुलाचा क्रमांक तोंडपाठ आहे?

माझा फोन अद्याप मिळालेला नाही. हे फोन अखेर कोणीतरी विकत घेतो म्हणून चोरले जातात. आयएमईआय बदलणे हा दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा असला तरी स्वस्त फोनचा ग्राहक त्याची चौकशी करीत नाही. वाचकांपैकी ज्यांना जुना फोन घ्यावयाचा असेल त्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, बिल पाहिल्यावाचून पैसे मोजू नका, आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, त्यापुढे जागा सोडून फोनचा आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवून उत्तर येईपर्यंत थांबा. फोन काळ्या यादीत निघाला, तर तो विक्रेत्याला परत करून जवळच्या ठाण्यात कळवा.