नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात धावायला जाताय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या पाण्याकडे उतरत जाणाऱ्या द्राक्षबागा, मागे त्र्यंबकचे डोंगर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरची थंडीतली कोरडी हवा. मुंबई-पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर सकाळी धावण्यासाठी यापेक्षा चांगला मुलूख शोधावा लागेल. २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे रौप्यपदक जिंकणाऱ्या सावरपाड्याच्या कविता राऊत याच जिल्ह्यातल्या.

इथे धावायला पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते मुक्कामावर, वाहनावर आणि वाइनरीतल्या टेबलावर. त्यामुळे दोनच निर्णय विचारपूर्वक घ्यायचे: कोणत्या वारी जायचे आणि रात्री कुठे राहायचे. एवढे जमले तर तोच रस्ता आणि तोच चढ एक तृतीयांश खर्चात पदरात पडतो. पुढचे आकडे दोघांसाठी आणि अंदाजी आहेत. खोलीचे व टेस्टिंगचे दर हंगामानुसार हलतात, म्हणून फोन करून खात्री करून घ्या.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा पातळ जाकीट आणि हातमोजे बरोबर हवेतच. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे घडांनी भरलेल्या बागा पाहायच्या तर हेच महिने. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागा ओक्याबोक्या दिसतात आणि ऊनही सोसवत नाही. पावसाळ्यात इगतपुरीकडचे डोंगर हिरवेगार होतात, पण वेलीवर घड नसतात आणि रस्ते निसरडे असतात.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे काही आठवडे जरा जपून. केवडा आणि भुरी या रोगांपासून बाग वाचवण्यासाठी तेव्हा वारंवार फवारणी होते आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर बहुधा सकाळीच सुरू असतो. तो दिसला की वाट बदला किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाने दुरून जा.

चार मार्ग

*सोमेश्वर ते गंगापूर धरण.* पहिल्यांदा येणाऱ्याने हाच घ्यावा. सोमेश्वरच्या धबधब्याजवळून निघून गोवर्धनमार्गे सुला वाइनरी आणि पुढे धरणाच्या दिशेने जायचे. कुठून परत फिरता त्यावर अवलंबून जाऊन-येऊन १२ ते १५ किलोमीटर भरतात. चढ-उतार सौम्य पण सलग आहेत. शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्याआधी धावणे उरकलेले बरे.

*रामशेज आणि दिंडोरीची बाजू.* पेठ रस्त्यावर शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर आशेवाडी आणि तिच्या डोक्यावर रामशेज. संभाजी महाराजांच्या काळात मोगल फौजेला कित्येक वर्षे दाद न देणारा हा किल्ला आकाराने लहान आहे. भोवतालच्या गावरस्त्यांवर धावावे आणि शेवटी किल्ला चालत चढावा. दिंडोरी तालुक्यात खाण्याची आणि वाइनची, दोन्ही द्राक्षे होतात, त्यामुळे नजर जाईल तिथवर बागा.

*संजेगाव-कावनई.* इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या फुगवट्याजवळचा हा भाग. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने या वाइनरी इथेच आहेत. चढ पहिल्या मार्गापेक्षा जास्त आणि वर्दळ कमी. मात्र दुकाने विरळ असल्याने पाणी बरोबर घेऊनच निघावे लागते. स्वतःची गाडी किंवा भाड्याची टॅक्सी असेल तरच हा मार्ग निवडा.

*पांडवलेणी.* इथे बागा नाहीत, पण चढाचा सराव करायला शहरालगत याहून सोयीची जागा नाही. पायऱ्यांवर चार-पाच फेऱ्या मारल्या की पायांना भरपूर काम होते. वरची २४ लेणी पाहायची तर पुरातत्त्व खात्याचे तिकीट माणशी २५ रुपये आहे. सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख पाहण्यासाठी ते जरूर काढावे.

पैसे कुठे जातात

*प्रवास.* मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसच्या साध्या आसनाचे भाडे माणशी दीडशेच्या आत, वातानुकूलित चेअर कारचे चारशेच्या आसपास. नाशिकरोड स्थानकापासून गंगापूर रोडपर्यंत रिक्षा किंवा टॅक्सीला साडेतीनशे रुपये धरा. सिटीलिंकच्या बसने हेच अंतर फार स्वस्तात होते. स्वतःच्या गाडीने इंधन आणि टोल मिळून जाऊन-येऊन तीन ते साडेतीन हजार होतात. गाडीत चौघे असतील तरच ते परवडते.

*मुक्काम.* सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो. द्राक्षबागेतल्या रिसॉर्टची खोली शनिवारी दहा ते पंधरा हजारांपर्यंत जाते, आठवड्याच्या मधल्या वारी बरीच खाली येते. गंगापूर रोडवरच्या स्वच्छ, साध्या हॉटेलात दीड ते अडीच हजारांत काम होते आणि सोमेश्वर जवळच असल्याने पहाटे टॅक्सीही लागत नाही. सिंहस्थाच्या पर्वकाळात, म्हणजे ऑक्टोबर २०२६ अखेरपासून जुलै २०२८ पर्यंत, खोल्यांचे दर आणि त्र्यंबक रस्त्यावरची गर्दी दोन्ही पाहूनच तारीख ठरवा.

*बूट.* सहा हजारांचा जोड साधारण सहाशे किलोमीटर टिकला, तर किलोमीटरला दहा रुपये पडतात. वरच्या डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यांना नेहमीचे रोड शूज पुरतात. या सहलीसाठी म्हणून वेगळे ट्रेल शूज घेऊ नका, ते पैसे दुसऱ्या मुक्कामाला वापरा.

*खाणे-पिणे.* एनर्जी जेलची एक पुडी शंभर ते दीडशे रुपयांना मिळते. दीड तासाच्या धावण्याला मूठभर बेदाणे आणि ओआरएसची पुडी पुरते, दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत. धावून आल्यावर नाशिकची मिसळ शंभर ते दीडशेत.

*वाइन.* टेस्टिंगला माणशी पाचशे ते हजार रुपये धरा, वयाचा पुरावा जवळ ठेवा. २६ जानेवारीसारख्या ड्राय डेला टेस्टिंग मिळत नाही, तारीख आधी तपासा. धावणे झाल्यावर पाणी आणि पोटभर जेवण, मगच वाइन. आणि टेस्टिंगनंतर गाडी स्वतः चालवू नका. दारू पिऊन वाहन चालवण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अर्ध्या दिवसाची टॅक्सी बाराशे ते पंधराशेत मिळते. इतर सगळीकडे काटकसर करा, या पैशांत करू नका. रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

दोन हिशेब (दोघे, एक रात्र)

मधल्या वारी, रेल्वेने:
- रेल्वे जाऊन-येऊन: ६०० रुपये
- स्थानक ते हॉटेल, दोन्ही वेळा: ७००
- खोली: २,०००
- खाणे: १,६००
- अर्ध्या दिवसाची टॅक्सी: १,२००
- टेस्टिंग: १,४००
- एकूण: ७,५०० रुपये

शनिवार-रविवारी, स्वतःच्या गाडीने:
- इंधन आणि टोल: ३,५००
- बागेतली खोली: १३,०००
- खाणे: ५,०००
- टेस्टिंग: १,४००
- एकूण: २२,९०० रुपये

सुरक्षितता आणि शेताची शिस्त

नाशिकच्या नदीकाठच्या आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. म्हणून अंधारात एकट्याने धावू नका. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, उजाडल्यावर निघालात तरी हवा थंडच असते. वस्त्यांवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा आणि हळू चालत पुढे जा. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते.

बाग कितीही सुंदर दिसली तरी ती कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईची जागा आहे. विचारल्याशिवाय बांध ओलांडून आत जाऊ नका. घड तोडू नका. त्यात शेतकऱ्याचे नुकसान आहे आणि फवारणीचा अंश पोटात गेला तर तुमचेही. तोडणीच्या दिवसांत सकाळी क्रेट भरलेले ट्रॅक्टर या अरुंद रस्त्यांवरून जातात, तेव्हा बाजूला थांबून त्यांना वाट द्या. जेलच्या रिकाम्या पुड्या आणि बाटल्या खिशात घालून परत आणा.

आमची शिफारस

पहिल्या खेपेला जानेवारीतले मधले वार निवडा आणि गंगापूर रोडवर एकाऐवजी दोन रात्री राहा. पहिल्या सकाळी धरणाचा मार्ग, दुपारी जेवून टेस्टिंग. दुसऱ्या सकाळी पांडवलेणीचा चढ आणि मग परतीची गाडी. खोली, खाणे, रिक्षा आणि लेण्यांचे तिकीट वाढूनही हे सगळे अकरा हजारांच्या आसपास बसते. शनिवारच्या एका रात्रीच्या निम्म्याहून कमी पैशांत धावायला दोन सकाळी मिळतात, त्याही मोकळ्या रस्त्यांवर.