फायरवॉल : आज्ञेकडून लायब्ररीकडे

बँक असो, रुग्णालय असो की शासकीय कार्यालय, तेथील संगणक आज जाळ्याने बाहेरच्या जगाशी जोडलेले असतात. या जाळ्यातून होणारी माहितीची ये-जा तपासणाऱ्या व्यवस्थेस ‘फायरवॉल’ म्हणतात. गावाच्या वेशीवरील चौकीप्रमाणे कोणास आत सोडावे व कोणास अडवावे, हे ती नेमून दिलेल्या नियमांनुसार ठरविते. नियम चुकला तर नको तो आत शिरतो किंवा व्यवस्थापक स्वतःच बाहेर अडकतो.

जुनी अडचण

लिनक्स प्रणालीच्या २००१ मधील २.४ या आवृत्तीबरोबर नेटफिल्टर प्रकल्पाची ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा प्रचारात आली. माणसाने ती कळफलकावर टंकित करावी, अशी तिची रचना होती. इतर आज्ञावलींना नियम बदलावयाचे असल्यास त्यांच्यासाठी अधिकृत लायब्ररी, म्हणजे कोणत्याही आज्ञावलीस थेट वापरता येईल असा तयार कार्यसंच, उपलब्ध नव्हती. परिणामी त्या आज्ञावली हीच आज्ञा पडद्याआड चालवीत आणि तिने छापलेला मजकूर वाचून अर्थ लावीत. छपाईची धाटणी किंचित बदलली, तरी हा अर्थ चुकण्याचा धोका असे.

२०१४ मध्ये ‘एनएफटेबल्स’ ही नवी व्यवस्था लिनक्समध्ये समाविष्ट झाली. तिची ‘एनएफटी’ ही आज्ञाही आरंभी माणसासाठीच होती. २०१७ च्या सुमारास तिच्यातून ‘लिबएनएफटेबल्स’ ही लायब्ररी घडविण्याचे काम हाती घेण्यात आले.

पुनर्रचनेचे स्वरूप

आज्ञा आपले काम करते आणि संपते; तिने मागे ठेवलेला पसारा प्रणालीच आवरते. लायब्ररी मात्र महिनोन्‌महिने चालणाऱ्या आज्ञावलीच्या पोटात राहते. म्हणून आज्ञेतील सर्वत्र विखुरलेली सामाईक माहिती एका ‘संदर्भा’त एकत्र करण्यात आली. प्रत्येक वापरकर्ती आज्ञावली आपला स्वतंत्र संदर्भ उघडते व काम झाल्यावर तो मिटवते. थेट पडद्यावर छापला जाणारा मजकूर आणि चुकांच्या सूचना मागणाऱ्या आज्ञावलीच्या स्वाधीन करण्याची सोयही झाली. २०१८ मध्ये ‘जेसन’ या ठराविक मांडणीची जोड मिळाली आणि छापील मजकुरातून अर्थ शोधण्याची गरज उरली नाही.

फलश्रुती

मूळ ‘एनएफटी’ आज्ञा नाहीशी झाली नाही. तीही आता याच लायब्ररीकडून काम करवून घेते. नियम समजून घेण्याचे ज्ञान एकाच ठिकाणी राहिल्याने तेथे दुरुस्त झालेली चूक सर्वांसाठी दुरुस्त होते. ‘फायरवॉल-डी’ या व्यवस्थापक आज्ञावलीनेही पुढे हाच मार्ग स्वीकारला. शिवाय एकत्र सोपविलेले बदल एक तर सर्वच्या सर्व लागू होतात, नाही तर एकही होत नाही. चौकीवर अर्धे नियम जुने व अर्धे नवे, असा घोटाळा त्यामुळे टळतो.

एका माणसाच्या हाताला सोयीचे असलेले साधन अनेकांच्या उपयोगी पडावे, यासाठी ते नव्याने घडवावे लागतेच असे नाही. त्याच्या अंतरंगाची शिस्तबद्ध मांडणी केली, तर जुनेच साधन नव्या कामास येते.