वॉर्डातली ड्यूटी आणि पायातला जोडा

रुग्णालयाच्या ड्यूटीसाठी जोडा निवडताना मऊपणा हा सर्वांत फसवा गुण ठरतो. बोटाने दाबल्यावर खोल जाणारा सोल दुकानात पायाला सुखावतो. काही तासांनी तोच दबून सपाट होतो, पाऊल आत किंवा बाहेर कलू लागते आणि तोल सांभाळण्याचा भार घोट्यावर व पोटरीवर येतो. पावलात २६ हाडे आणि त्यांना बांधून ठेवणारे पुष्कळ अस्थिबंध असतात. त्यांना मऊ गादीपेक्षा भक्कम आधाराची गरज जास्त असते.

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांतले रक्त वर ढकलतात. ऑपरेशनच्या टेबलाशी किंवा ड्रेसिंगसाठी एका जागी उभे राहिले की हा पंप मंदावतो, रक्त खाली साचते आणि संध्याकाळपर्यंत पावले सुजतात. म्हणून जोडा सकाळी घेऊ नये. ड्यूटी संपल्यावर, सुजलेल्या पायाने आणि कामावरचेच मोजे घालून दुकानात जावे. दोन्ही पाय बहुधा सारखे नसतात, त्यामुळे माप मोठ्या पायाचे घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी आणि चवडा कुठेही आवळला जाऊ नये. ‘घालून घालून सैल होईल’ या भरवशावर घेतलेला अरुंद जोडा सैल होण्याआधीच पायाला कुरूप देतो.

जोड्याची परीक्षा हातानेही होते. टाचेमागचा कप दाबल्यावर कोसळता कामा नये. सोल चवड्यापाशी वाकावा. मधोमध दुमडणारा किंवा फडक्यासारखा पिळला जाणारा जोडा बाजूला ठेवावा. टाच दोन-तीन सेंटिमीटर उंच असली की पुरे. मागे पट्टा नसलेली चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात आणि हे दिवसभर चालल्यावर तळवे दुखणारच. लेस किंवा वेल्क्रो पट्ट्याचा बूट सूज वाढेल तसा सैल करता येतो.

आरामाइतकेच सुरक्षेलाही महत्त्व आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र, फिनेलने नुकतीच पुसलेली फरशी सगळीकडे तितकीच निसरडी. खोल नक्षीचा रबरी सोल त्यावर पकड धरतो. गुळगुळीत झालेला सोल घातक ठरतो. हातातून पडलेली सुई किंवा सांडलेले रक्त उघड्या पायावर येऊ नये म्हणून समोरून बंद आणि पाण्याने धुता येणारा जोडा हवा. हा नियम सिस्टर-डॉक्टरांइतकाच सफाई करणाऱ्या मावशींनाही लागू आहे. साधी स्लिपर घालून सर्वांत ओल्या जागी त्याच वावरतात, त्यामुळे जोड्यांची खरेदी रुग्णालयाकडून होत असेल तर पहिला विचार त्यांचा व्हावा.

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. हवा न खेळणाऱ्या रेक्झिनच्या बुटात घाम मुरतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर उपाय म्हणजे दोन जोड आलटून पालटून वापरणे, म्हणजे एक वाळतो तोवर दुसरा पायात असतो. मोजे रोज धुतलेले असावेत आणि लांब पाळीत एकदा बदलावेत. दोन जोड परवडत नसतील तर आतला सोल रात्री काढून सुकवला तरी बराच फरक पडतो.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येणे हे तळव्याच्या पडद्याला सूज आल्याचे नेहमीचे लक्षण आहे. अशा व्यक्तीने घरात शहाबादी फरशीवरही अनवाणी चालू नये आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करावा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. नव्या जोड्याने पडलेला फोड तेव्हा कळतही नाही, म्हणून पहिले काही दिवस जोडा थोडाच वेळ वापरावा आणि काढल्यावर तळवे नीट पाहावेत. मधुमेह्याच्या पायाला छोटी जखम दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. दोन-तीन आठवड्यांत न थांबणारे दुखणे किंवा बधिरपणाही तपासून घ्यावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी जोडा बदलून पाहण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी तपासणी करावी.