रंधा धबधब्यासाठी कॅमेरा किट: ४० हजारांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं



पावसाळा तोंडावर आला की भंडारदरा, राजूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, फोटोचा धंदा सुरू करायचाय, कोणता कॅमेरा घेऊ?" व्हिडिओत मी कॅमेऱ्याची बटणं आणि मेनू दाखवलेत. इथे हिशेब मांडू. वही-पेन घेऊन बसा, आकडेमोड बरीच आहे.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. हा फोटो विकत घेणार कोण? आपल्या भागात साधारण तीन गिऱ्हाइकं आहेत. धरणाच्या काठावर तंबू आणि होमस्टे चालवणारे, ज्यांना बुकिंगसाठी चांगले फोटो लागतात. प्री-वेडिंगची जोडपी. आणि शिर्डी, नाशिक, संगमनेरची हॉटेलं, ज्यांना भिंतीवर लावायला मोठी प्रिंट हवी असते. यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे भिंतीवरची प्रिंट. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला २०० ठिपके धरले तरी ३० बाय २० इंचांची प्रिंट व्यवस्थित निघते. होमस्टेवाल्याचा फोटो तर मोबाईलवरच बघितला जाणार. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या पुढे दिलेला प्रत्येक रुपया गिऱ्हाईक तुम्हाला परत देणार नाही. दुकानदार वेगळं सांगेल. त्याचंही बरोबर आहे, त्याला दुकान चालवायचंय.

धबधबा मोठा असला की गणित बदलतं

प्रवरा नदीवरचा रंधा साधारण १७० फुटांचा सांगतात, म्हणजे सुमारे ५२ मीटर. "एवढा मोठा धबधबा, वाइड लेन्स लागणारच" असं सगळे म्हणतात. मोजून बघू. साध्या कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ ची किट लेन्स. १८ वर ठेवून कॅमेरा उभा धरला, तर खालून वर साधारण ६६ अंशांचा भाग मावतो. तुम्ही धबधब्याच्या मध्याच्या उंचीवर समोर उभे असाल, तर ५२ मीटरची धार ४० मीटर अंतरावरून पूर्ण बसते. त्यापेक्षा मागे गेलात तर आजूबाजूचा कातळ आणि झाडीही येते. म्हणजे वेगळी महाग वाइड लेन्स पहिल्या सीझनला नकोच.

उलट मला ५५-२५० किंवा ७०-३०० ची लांब पल्ल्याची लेन्स जास्त कामाची वाटते. मोठ्या धबधब्याजवळ तुषार एवढे उडतात की दोन मिनिटांत काच ओली. लांब लेन्सने तुम्ही कठड्याच्या आत, कोरड्या जागी उभं राहून पाण्याचा एखादा पदर, काळ्या कातळाची कड, धुक्यातलं झाड उचलू शकता. पण ती विकत घेऊ नका, दोन दिवस भाड्याने आणा. एका सीझनमध्ये तिच्यावर काढलेले किती फोटो विकले जातात ते लिहून ठेवा आणि मग ठरवा. आणि कठडा ओलांडून पुढे जायचं नाही. शेवाळलेला कातळ पाय घसरायच्या आधी सांगत नाही.

आता पाण्याचा मुद्दा. छोट्या ओढ्याचा फोटो एक-दोन सेकंदांच्या शटरने रेशमासारखा येतो, म्हणून सगळे तेच करायला जातात. रंध्याला पाणी जोरात असताना तेच केलंत तर पूर्ण धार एक पांढरा डाग होते, आत काहीच दिसत नाही. गढूळ पाणी असेल तर तो डाग चहाच्या रंगाचा. मोठ्या धारेला साधारण १/४ ते १/१५ सेकंद ठेवा. पाणी वाहतंही दिसतं आणि त्याच्या लडी वेगवेगळ्याही दिसतात. ताकद दाखवायची असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान.

यावरून फिल्टरचा हिशेब निघतो, आणि इथेच पैसे वाचतात. पावसाळी ढगाळ उजेडात, आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर साधारण १/५० येतं. पुढे पोलरायझर लावला की तो दीड स्टॉप उजेड खातो आणि शटर येतं १/१५ च्या आसपास. म्हणजे आपल्याला हवं तिथे आपण पोहोचलो! गडद एनडी फिल्टर लावावाच लागला नाही. ओढ्यासाठी अर्धा सेकंद हवा असेल तर त्यावर एनडी-८ पुरेसा. तो १,००० पटींचा, म्हणजे दहा स्टॉपचा काळाकुट्ट फिल्टर मात्र सीझनभर पिशवीतच पडून राहतो.

पोलरायझरचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ओल्या कातळावरची आणि पानांवरची पांढरी चमक तो काढतो, त्यामुळे हिरवा रंग खरा दिसतो. हा परिणाम नंतर मोबाईल ॲपमध्ये नीट करता येत नाही. फिल्टर घेण्याआधी लेन्सच्या तोंडावर Ø खुणेपुढे लिहिलेला आकडा बघा, तो साइज. आणि जुन्या काही किट लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं, त्यामुळे लावलेला पोलरायझरही फिरतो. अशी लेन्स असेल तर आधी फोकस, मग पोलरायझर.

आणखी एक. रंध्याला पाणी पांढरं, कातळ काळा. कॅमेरा काळ्या कातळाकडे बघून फोटो उजळ करतो आणि पाणी जळून जातं. एक्स्पोजर उणे ०.७ वर आणा, फाईल रॉ मध्ये काढा. जळालेला पांढरा रंग परत येत नाही, अंधारा भाग बऱ्यापैकी उजळता येतो.

ट्रायपॉडवर कंजुषी नको

१/४ सेकंद हातात धरून नेमका येत नाही. सगळ्यात स्वस्त ट्रायपॉड धबधब्याच्या वाऱ्यात थरथरतो, मग चांगला कॅमेराही व्यर्थ. मधली दांडी वर न काढता तुमच्या छातीपर्यंत येईल असा घ्या, आणि खाली पिशवी अडकवायला हुक आहे का बघा. मोटारसायकलवर जाणार असाल तर दुमडल्यावरची लांबी दुकानातच टेपने मोजा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर दाबा आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

पाण्यापासून संरक्षण हा खर्चापेक्षा शिस्तीचा भाग आहे. सुरुवातीच्या किमतीतल्या कॅमेऱ्यांना पाणी रोखणारं सील नसतं. रेनकव्हर, दोन-तीन सुती फडकी, लेन्सचं हूड, मोठी छत्री आणि धरायला एक भाऊ किंवा मित्र, एवढं पुरतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, आणि बुरशी लागली की पुनर्विक्रीची किंमत गेली.

सेकंडहँड घेताना म्हणूनच मोबाईलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. शटर किती वेळा चाललंय तो आकडा विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं धरतात.

मोबाईलवर भागेल का? होमस्टेच्या फोटोंसाठी बऱ्याचदा भागतं. अडचण एवढीच की मोबाईलचं छिद्र लहान करता येत नाही, त्यामुळे दिवसा शटर सावकाश ठेवणं अवघड जातं.

ड्रोनचा मोह तूर्त टाळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आधी डिजिटल स्कायवर हवाई क्षेत्राचा नकाशा बघावा लागतो, २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनवर धंदा करायचा तर प्रमाणपत्र लागतं, आणि आपला बराचसा डोंगरी भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काहीच उडवायचं नाही. कमाईसाठी शूटिंग करायचं तर साध्या कॅमेऱ्याचीही चौकशी आधी वनखात्याच्या नाक्यावर करून घ्या.

आता पैसे

हे आकडे उदाहरण म्हणून धरा, तुमच्या बाजारातले भाव स्वतः काढा. सेकंडहँड बॉडी आणि किट लेन्स २५,०००. ट्रायपॉड ४,०००. पोलरायझर २,०००. जास्तीची बॅटरी आणि दोन मेमरी कार्डं ३,०००. रेनकव्हर, डबा, सिलिका जेल १,५००. झाले ३५,५००. उरलेले ४,५०० भाड्याच्या लेन्ससाठी आणि पेट्रोलला.

दुसरीकडे तुमचा मित्र म्हणतो, घे दोन लाखांचा फुल-फ्रेम, मुद्रा लोन मिळतं. मिळतं, बरोबर आहे. मुद्राच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाख बसतात. पण १४ टक्के व्याज आणि तीन वर्षं धरली तर हप्ता होतो सुमारे ६,८३५, वर्षाला ८२,००० च्या आसपास. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर शनिवार-रविवार मिळून जेमतेम ३० दिवस. मुसळधार, दरड, वाहतूक कोंडी वजा करून हातात राहतात समजा १८. प्रत्येक दिवसावर साडेचार हजारांचा बोजा, तोही जेवण-पेट्रोल सोडून. ४० हजारांचं किट तीन वर्षांत वसूल करायचं धरलं तर हाच बोजा दिवसाला ७४० रुपये. पहिल्या वर्षी एक गिऱ्हाईक दिवसाला ७४० देईल, याची कल्पना करता येते. साडेचार हजार देणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे आज आहे का? नाव सांगा त्याचं. नसेल तर लोनचा फॉर्म पुढच्या वर्षीपर्यंत ड्रॉवरमध्ये राहू द्या. उरलेले आठ महिने कॅमेरा लग्न, बारसं, दुकानांच्या उद्घाटनाला फिरवलात तर गणित आणखी सुधारेल, ते वेगळं.

निघण्याआधीचं एक काम फुकट आहे आणि बरेच जण तेच करत नाहीत. भंडारदरा धरण, म्हणजे १९२६ साली पूर्ण झालेला विल्सन डॅम, साठवतो ११ टीएमसी. रंधा त्याच नदीवर खाली आहे, त्यामुळे धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे यावर तुमचा फोटो ठरतो. छत्री धबधबा तर धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो. आदल्या रात्री बातम्यांत विसर्गाचा आकडा बघा आणि तिथल्या ओळखीच्या टपरीवाल्याला सकाळी फोन लावा: "दादा, पाणी किती आहे? पांढरं की गढूळ?" त्याच्या उत्तरावर त्या दिवशी कोणती लेन्स भाड्याने आणायची ते ठरतं.

पुढच्या व्हिडिओत होमस्टेवाल्याला फोटोंचं कोटेशन कसं द्यायचं ते बघू. तोपर्यंत किटचं बिल स्वतःच्या किंवा फर्मच्या नावावर, सीरियल नंबर लिहून घ्या. सेकंडहँड घेतलात तर विकणाऱ्याची सही असलेली पावती चालेल, आणि तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.