घोड्याचा दाणा, बैलाचा दाणा
शास्त्रपाठ : लूक १५:११-२४

उधळ्या पुत्राची गोष्ट आमच्या मंडळ्यांत लहान मुलांसही मुखोद्गत आहे. परंतु डुकरांपुढच्या ज्या शेंगांकडे तो आशेने पाहत राहिला, त्या कोणत्या, ह्याचा विचार थोडेच करितात. त्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगा होत असे बहुतेक टीकाकार मानितात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हे झाड होते. त्याच्या गोडसर शेंगा गुराडुकरांस घालितात, आणि टंचाईत गरीब लोकही त्या खात आले आहेत. सारांश, जनावराची गव्हाण आणि माणसाचे ताट ह्यांत अंतर फार नाही. हीच गोष्ट आज आपण दोन देशांच्या उदाहरणाने पाहू.

इंग्लंडात भारी चिकण जमिनीत बाकल्याच्या जातीचे एक कडधान्य पिकते. त्यास तेथे पूर्वी 'हॉर्स बीन', म्हणजे घोड्याची शेंग, म्हणत. नांगर व गाडे ओढणाऱ्या घोड्यांस हा दाणा भरडून, ओट व कापलेल्या वैरणीत मिसळून देत. नवा दाणा पचावयास जड, म्हणून तो चांगला सुकल्यावाचून देत नसत.

आपल्या देशात तीच जागा कुळथाने, म्हणजे हुलग्याने, भरून काढिली आहे. इंग्रजांनी ह्यासही 'हॉर्स ग्रॅम', घोड्याचा दाणा, असेच नाव दिले. बाकल्यास गारवा व ओल पाहिजे. कुळीथ हलक्या मुरमाड जमिनीत, थोड्या पावसावरही तग धरितो. कोकणात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर तो होतो. त्याचे दाणे भिजवून व शिजवून बैलास देतात, भुसा गुरांस घालितात, आणि त्याच धान्याची पिठी व शेंगोळे आपण खातो.

दोन्ही देशांनी कष्टाच्या जनावरास कडधान्यच का निवडिले? ज्वारीच्या दाण्यात शरीर बांधणारे सत्त्व, ज्यास प्रथिन म्हणतात, शेकडा सुमारे १० असते. कुळथात ते सुमारे २२ व बाकल्यात सुमारे २६ असते. शिवाय ह्या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नायट्रोजन झाडास मिळवून देतात. हे हेलरीगेल व विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली सविस्तर प्रसिद्ध केले.

पुढे इंग्लंडात ट्रॅक्टर आले व शेतातील घोडे गेले. आज तेथे बाकला दळून गाई, मेंढ्या व डुकरे ह्यांच्या खाद्यात घालितात. परंतु त्यातला स्वच्छ, न किडलेला दाणा निवडून मिसर देशास विकितात. तेथील लोक तो मंद आचेवर शिजवून न्याहारीस खातात. एका देशात जे पशूचे खाद्य, तेच दुसऱ्या देशात माणसाचे अन्न!

ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत त्यांनी इतके लक्षात ठेवावे. कुळीथ रात्री भिजवून सकाळी शिजवावा. शिजविल्याने त्यातील पचनास अडविणारे द्रव्य बहुतांशी नाहीसे होते. आरंभी मूठभर द्यावा, मग हळूहळू वाढवावा. एकदम पुष्कळ दिल्यास बैलास अपचन व पोटफुगी, घोड्यास पोटशूळ होतो. बुरशी आलेला दाणा मुळीच देऊ नये. तसेच सर्व कडधान्ये सारखी समजू नयेत. लाखेची डाळ फार दिवस मुख्य आहार झाल्यास माणसाचे पाय लुळे पडतात, आणि घोड्यासही ती बाधते.

आता मुख्य गोष्ट. आमचे शेजारी पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळी चारितात. आपण ती पूजा सोडिली, हे योग्यच केले. परंतु पूजेबरोबर बैलाचा वाटाही सोडिला काय? वर्षभर कोरड्या कडब्यावर त्यास राबवावे आणि रविवारी देवाच्या दयेविषयी गावे, हे शोभत नाही. टंचाईत लेकराचे ताट पहिले, ह्यात संशय नाही. पण पुष्कळदा टंचाई नसतानाही आपण सगळा कुळीथ सुगीतच स्वस्त विकून टाकितो, मग घरात पिठी नसते आणि गोठ्यात दाणा नसतो. एक पोते बाजूस ठेविले तर दोघांचेही भागेल.

दाखल्यातील पित्याच्या घरी चाकरासही अन्नाची वाण नव्हती. बैल हाही आपला चाकरच. ज्या घरी राबणारा उपाशी, ते घर त्या पित्याच्या घरासारखे कसे म्हणावे?

विचारासाठी प्रश्न
१. उधळा पुत्र जनावरांच्या खाद्याची इच्छा का करू लागला?
२. नीतिसूत्रे १२:१० वाचा. नीतिमान मनुष्य गोठ्यात कसा ओळखावा?
३. ह्या सुगीत आपल्या घरी बैलाचा वाटा किती ठेविला आहे?