धान्याची किल्ली कोणाच्या हाती?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, २ करिंथ ८:१३-२१
(हे उतारे आधी मोठ्याने वाचावेत, मग पाठ सुरू करावा.)

यरुशलेमेतील पहिली मंडळी वाढत होती. गरजू विधवांना रोज अन्न वाटले जात होते. तरीही त्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विधवा मागे राहू लागल्या. त्यांना कोणी मुद्दाम वगळले, असे शास्त्र सांगत नाही. वाटणारे बहुधा इब्री बोलणारे होते आणि ओळखीच्या दारी आधी पोहोचत होते. अन्न होते, वाटणारे होते, प्रेमही होते. तरी काहींच्या ताटात काही पडत नव्हते. अन्नसेवा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा अध्याय आपल्याविषयी आहे असे समजून वाचावा.

१. कुरकुर ऐका

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. सर्व शिष्यांना बोलावून त्यांनी गोष्ट उघडपणे मांडली.

आदिवासी पाड्यांवर तक्रार पुष्कळदा शब्दांत येत नाही. ती रांगेतल्या रिकाम्या जागेत दिसते. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नाताळात आपण धान्य घेऊन जातो तेव्हा त्यांच्या झोपडीला कुलूप असते. एखाद्या आजीचा अंगठा रेशन दुकानाच्या मशीनवर उमटत नाही. एखाद्या सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावरच असते. म्हणून ‘किती पाकिटे वाटली?’ याच्या आधी पुढाऱ्याने विचारावे, ‘कोण राहिले?’

२. किल्ली सोपवा

प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. त्यांनी अटी घातल्या, पण निवड लोकांवर सोपवली. लोक चांगल्या नावाचे, आत्म्याने व ज्ञानाने भरलेले हवे होते. त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प आणि इतर, सगळी ग्रीक. निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नव्हता. ज्या बाजूच्या विधवा उपाशी राहिल्या, त्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी गेली. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

आपल्या कामात याचा अर्थ काय? धान्यकोषाचे उदाहरण घेऊ. सुगीनंतर प्रत्येक घर थोडे भात किंवा नाचणी एकत्र कोठीत टाकते. आषाढ-श्रावणात घरची कणगी रिकामी होते, तेव्हा गरजू घर त्यातून उचल घेते आणि पुढच्या सुगीला थोडी भर घालून परत करते. हा कोष मिशनच्या आवारात, मिशनच्या कुलपात राहिला तर तो दानच राहतो. किल्ली पाड्यावरच्या एका बाईकडे, वही दुसरीकडे, आणि समितीत एखादी विधवा व एखादे भूमिहीन घर असेल, तर तो त्यांचा होतो. काय साठवायचे, नाचणी की वरई, हेही त्याच ठरवतील. त्यांच्या लेकरांना काय पचते ते आपल्यापेक्षा त्यांना अधिक कळते.

किल्ली देणे सोपे नाही. देणाऱ्याला आभार ऐकण्याची सवय लागते. पण प्रेषितांचा मान त्यामुळे घटला नाही. पुढच्याच ओळींत मंडळी वाढल्याचे आपण वाचतो.

३. हक्क मिळवून द्या

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि मुंबईपासून काही तासांवरची भूक महाराष्ट्राला दिसली. आज कायदा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्डावर घरातील सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख असते. आधार जोडलेले असेल तर भट्टीजवळच्या दुकानातूनही धान्य उचलता येते. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण दिले जाते.

आपले पाकीट आठ-दहा दिवसांत संपते. कार्ड दर महिन्याला धान्य आणते. म्हणून जो स्वयंसेवक एका कुटुंबासोबत तहसील कार्यालयात दिवसभर बसतो, त्याची सेवा पोते वाहणाऱ्याइतकीच मोलाची आहे. मंडळीने त्याच्या एसटीच्या भाड्यासाठीही दान द्यावे.

४. हिशेब उजेडात, हात मोकळा

यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेले भाऊ सोबत घेतले. देवापुढे आणि माणसांपुढेही कारभार चोख दिसावा, असे त्याला वाटत होते. आपणही आलेले व वाटलेले धान्य पाड्यावर फळ्यावर लिहावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बैठकीत वाचून दाखवावे.

त्याच अध्यायात पौल समानतेविषयी बोलतो व मान्न्याची आठवण देतो : जास्त गोळा करणाऱ्याचे उरले नाही, कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. समानता म्हणजे सर्वांना सारखे माप नव्हे. प्रत्येकाच्या गरजेला पुरेल असे माप.

आणि अन्नाला अट नसावी. देवाचा पाऊस कोणाच्या शेतावर पडायचा हे विचारून पडत नाही (मत्तय ५:४५). धान्य घेणाऱ्याने प्रार्थनेला यावे असे सुचवणेही टाळावे. उपाशी माणसाने पोटासाठी भरलेला होकार विश्वास नसतो, आणि तसा होकार घेतल्याने ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या वाटपात कोण नेहमी मागे राहते? त्यांच्याशी शेवटचे कोण बोलले?
२. आपल्या अन्नसेवेच्या समितीत ज्यांना अन्न मिळते त्यांच्यापैकी किती जण आहेत?
३. या तिमाहीत आपण कोणती एक किल्ली सोपवू शकतो?

प्रार्थनेचे विषय

वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे. अंगणवाडी सेविका व मदतनीस. पाड्यांवरच्या समित्यांतील भगिनी. आणि आम्हा पुढाऱ्यांना किल्ली सोडण्याची नम्रता मिळावी म्हणून.